मामलतीचा लिलाव

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या पंधरा वर्षांत पुण्याच्या दरबारात दर साल एक व्यवहार होत असे. परगण्याची मामलत, म्हणजे तिथला वसूल, तिथला बंदोबस्त आणि तिथला न्याय, जो जास्तीत जास्त रक्कम कबूल करील त्याच्या हवाली केली जाई. बोली लावणारे बहुतेक पेशव्याच्या आसपास वावरणारे, त्याच्या मर्जीतले लोक असत. बोली लावायला कोणी कां-कूं केली तर तो मर्जीतून उतरे. साल संपलं की पुन्हा बोली होई आणि आदल्या सालच्या माणसाला बाजूला सारून मामलत नव्या, अधिक पैसे देणाऱ्या माणसाकडे जाई.

हे वर्णन पुण्याला इंग्रजांचा रेसिडेंट राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८१९ सालच्या अहवालात आहे. तो जिंकणाऱ्याचा अहवाल आहे, म्हणून सावधपणे वाचायला हवा. पण पेशव्यांच्या रोजनिशांना न्यायमूर्ती रानड्यांनी जोडलेली प्रस्तावना वाचली तरी चित्र फारसं बदलत नाही, आणि रानड्यांना इंग्रजांची भलामण करण्यासाठी मराठ्यांची बदनामी करायची नव्हती. उलट मराठी सत्तेचा उदय ही लुटारूंची धाड नव्हती, ते एक राष्ट्र घडत होतं, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी लेखणी हाती घेतली होती.

पेशवाई का बुडाली, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. बाजीराव भित्रा होता, बाळाजीपंत नातू फितूर झाला, इंग्रज कपटी होते. यातलं काहीच खोटं नाही. पण ही सगळी माणसांची नावं झाली. या माणसांच्या हातात जे राज्य होतं ते आतून कसं पोखरलं गेलं होतं, हे समजून घ्यायचं असेल तर मामलतीच्या या लिलावाचा माग काढावा लागतो. तो १८०३ साली अचानक सुरू झालेला नाही. त्याच्या मागे शंभराहून अधिक वर्षांची वाट आहे, आणि तिच्यावर आपल्या आदराची काही माणसंही भेटतात.

सुरुवात या व्यवहाराच्या नेमक्या उलट टोकापासून करायला हवी. सप्टेंबर १६७६ मध्ये शिवाजीमहाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला एक पत्र पाठवलं. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कोणाकडे जमीन आहे पण बैल नाहीत, कोणाकडे पोटाला दाणे नाहीत, ते पाहा. ज्याला बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे दे, ज्याला दाणे नाहीत त्याला धान्य दे, आणि ते पैसे त्याच्या ऐपतीप्रमाणे सावकाश, वाढीदिढी न लावता परत घे. पत्राचा रोख हा आहे. त्यातली सुभेदाराची कल्पना स्पष्ट आहे: तो धन्याचा नोकर आहे, त्याला वेतन आहे, आणि त्याच्या कामाची परीक्षा लागवड किती वाढली यावर होणार आहे. शिवकालीन कारभाराची जी तत्त्वं रानड्यांनी सांगितली त्यांत रोख वेतन, वंशपरंपरेने पद न देणं आणि वसुलाचा मक्ता न देणं ही तिन्ही आहेत. पेशव्याला सालाला १५,००० होन, अमात्याला १२,०००, बाकीच्या प्रधानांना १०,०००. पद मोठं होतं, पण ते धन्याच्या हुकमाने मिळे आणि त्याच्याच हुकमाने जाई.

ही घडी १६८९ नंतर विस्कटली, आणि तिचं कारण स्वार्थ नव्हतं, अगतिकता होती. संभाजीमहाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराममहाराज जिंजीला गेले. तिजोरी रिकामी होती आणि औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसला होता. लढणाऱ्या सरदारांना पगार कुठून द्यायचा? मग मुलूख तोडून देणं सुरू झालं. जो मुलूख मोगलांकडून सोडवाल तो तुमचा सरंजाम. या वचनावर संताजी, धनाजी आणि त्यांच्यासारखे शेकडो लढले आणि राज्य वाचलं. पण जे राज्य वाचलं ते पगारी चाकरांचं राहिलं नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिलं तेव्हा त्यांना हे दिसत होतं. वतनदारांना आवरा, नव्या वतनांच्या मोहात पडू नका, हा त्यांचा आग्रह त्या ग्रंथात पुन्हा पुन्हा येतो. तोवर उशीर झाला होता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि त्या वसुलाची बाबती, साहोत्रा, नाडगौडा, मोकासा अशी वाटणी झाली. एकेका गावावर अनेकांचे हक्क आले, आणि ते सगळे एकत्र पाहील असा धनी साताऱ्यात उरला नाही.

याच काळात दिल्लीत काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण मामलत विकण्याची कला मराठ्यांनी शोधलेली नव्हती. औरंगजेबानंतरच्या बादशहांच्या हाती पैसा राहिला नाही, तेव्हा खालशाची, म्हणजे खुद्द सरकारची जमीनसुद्धा इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने, देण्याचा प्रघात वाढला. सय्यद बंधूंच्या अमलात त्यांचा दिवाण रतनचंद याने तो आणखी फोफावू दिला. १७२२ मध्ये निजाम-उल-मुल्क वजीर झाला. खालशाचे इजारे बंद करावेत आणि पदं देताना पेशकशीच्या नावाखाली घेतली जाणारी लाच थांबवावी, असं त्याने महंमदशहाला सुचवलं. बादशहाच्या भोवती ज्यांचं पोट याच पैशावर भरत होतं त्यांनी ते होऊ दिलं नाही. वर्ष-दोन वर्षांत निजाम वजिरीला कंटाळून दिल्ली सोडून निघाला आणि १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनेत स्वतंत्र झाला. मोगल सल्तनतीला वाचवू शकणारा सर्वांत कर्तबगार माणूस याच कारणासाठी तिच्यापासून तुटला. पुढच्या पंधरा वर्षांत नादिरशहा दिल्लीत आला. मोगलांचा ऱ्हास धर्मवेडाने झाला की मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी, यावर आपण खूप वाद घालतो. पदं विकणाऱ्या दरबाराचा विचार त्या मानाने फार कमी करतो.

आता पुण्याकडे येऊ. नानासाहेब आणि माधवराव पेशव्यांच्या काळात उभी राहिलेली मुलकी यंत्रणा साधी नव्हती. मामलतदाराला दर साली बेहडा दिला जाई. परगण्याचा वसूल किती यावा आणि खर्च कशाकशावर व्हावा, याचं ते अंदाजपत्रक होतं. वसुलाचा काही भाग तो रसद म्हणून सरकारात आगाऊ भरी. त्याच्यावर नजर ठेवायला दरकदार असत: मजमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस. त्यांची पदं वंशपरंपरेची होती आणि मामलतदाराला त्यांना काढता येत नसे. मामलतदाराने हुकमावर सही केली तरी दरकदाराच्या हातून गेल्याशिवाय कागद पुरा होत नसे. सालअखेर सगळा हिशेब पुण्याला हुजूर दफ्तरात येई. तिथल्या एकबेरीज दफ्तरात सगळ्या मुलखाची बेरीज एका ठिकाणी होई. आजच्या कुठल्याही महालेखापालाला ओळखीची वाटावी अशी ही रचना होती. थोरले माधवराव स्वतः तक्रारी ऐकत, रयतेकडून वेठ घेणाऱ्या अंमलदारांना त्यांनी आवरलं, आणि रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश त्यांनी जवळ ठेवला.

पण याच उत्तम यंत्रणेच्या पोटात तिला मारणारी गोष्ट वाढत होती. मामलतदाराचं वेतन मर्यादित होतं. मोठ्या परगण्यालाही ते सालाला पाच-सहा हजार रुपयांपलीकडे जात नसे. बाकीची कमाई तो इतर वाटांनी करी: दंड आणि नजरा लपवणं, न दिलेली सूट दिली म्हणून दाखवणं, नसलेल्या शिपायांची हजेरी मांडणं. सगळ्यांत मोठी वाट सादिलवार पट्टीची. बेहड्यात न धरलेल्या किरकोळ खर्चासाठी रयतेवर बसवलेली ही जादा पट्टी होती, आणि त्या किरकोळ खर्चातली सर्वांत मोठी रक्कम पुण्यातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना जाई. आधी ती चोरून दिली जाई. हळूहळू ती ठरलेली दस्तुरी झाली. मग तिला हिशेबात दरबारखर्च म्हणून जागा मिळाली, आणि तपासनीस बाकीच्या रकमांबरोबर तीही तपासू लागले. लाच आता उघड आणि नेमस्त झाली, तेव्हा मर्जी मिळवायला तेवढी पुरेना. म्हणून तिच्यावर आणखी एक गुप्त लाच सुरू झाली, तिला अंतस्थ म्हणत. तिच्यासाठी पुन्हा रयतेवर जादा पट्टी बसली. या नाजूक बाबतीत कोणी बारकाईने विचारत नसे, म्हणून मामलतदार वर पोचवायच्या रकमेपेक्षा पुष्कळ जास्त गोळा करून फरक स्वतःकडे ठेवी.

माझ्या मते मराठी राज्याच्या ऱ्हासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे, आणि तिला तारीख नाही. चोरून घेतलेला पैसा पकडता येतो, कारण हिशेब आणि वस्तुस्थिती यांत फरक पडतो. पण लाचच हिशेबात जमा झाली की हिशेब चोख असूनही राज्य लुटलं जातं. दरकदार, फडणीस, हुजूर दफ्तर ही सगळी चाळणी जागच्या जागी होती, पण तिच्यातून जाणाऱ्या पैशात तिचाही वाटा ठरला होता. आणि हे नाना फडणिसांच्या काळातही चालू होतं, हे विसरता येत नाही. नानांच्या कारभारात मामलतदारांवर पकड होती, रयतेला तो काळ पुढच्या काळाच्या तुलनेत बरा वाटला, यात शंका नाही. पण नानांची शिस्त नानांच्या डोळ्यांवर अवलंबून होती. दरबारखर्च बंद करून अंमलदारांना पोटभर वेतन द्यावं, असं त्यांनी केलं नाही. त्यांच्या हयातीत ते करायची ताकद फक्त त्यांच्याच हाती होती.

त्याच काळात कंपनीच्या बंगालमध्ये वेगळा प्रयोग होऊन फसला होता. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने पाच सालांसाठी वसुलाचे मक्ते लिलावाने दिले. लोकांनी भरमसाट बोल्या लावल्या, त्या रकमा वसूल झाल्या नाहीत, थकबाकी साचली आणि मुलूख उजाड झाला. आधीच १७७० च्या दुष्काळाने पिचलेला बंगाल त्याने आणखी खचला. कंपनीचे गोरे नोकरही त्या काळात हात मारून गबर झाले होते, ते काही साधू नव्हते. पण १७७७ मध्ये पंचवार्षिक मक्ते संपले तेव्हा कंपनीने ते पुढे चालवले नाहीत. पुढे कॉर्नवॉलिसने कलेक्टरला महिना १,५०० रुपये पगार आणि वसुलावर शेकडा एक दलाली ठरवली, आणि खासगी व्यापार बंद केला. हिंदी माणसाला त्याने वरच्या पदांपासून दूर ठेवलं, तो अन्याय वेगळा आणि मोठा आहे. पण चूक ओळखून ती दुरुस्त करण्याची सोय त्या व्यवस्थेत होती. कलकत्त्याने १७७७ मध्ये सोडलेली वाट पुण्याने २५ वर्षांनी धरली.

ती का धरली? २५ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव वाड्याच्या गच्चीवरून पडून दोन दिवसांनी वारले आणि गादीचा सौदा सुरू झाला. बाजीराव राघोबाचा मुलगा. त्याचं बालपण नजरकैदेत गेलं होतं, वीस वर्षांचा होईपर्यंत त्याने कोणावर विश्वास ठेवावा असं काही घडलं नव्हतं. तो बुद्धीने कमी नव्हता, बोलण्यात गोड होता, संस्कृत जाणत होता. पण त्याला कर्तबगार माणसाची भीती वाटे. पेशवेपद मिळवण्यासाठी त्याने दौलतराव शिंद्याला दोन कोट रुपये कबूल केले. तितका पैसा जवळ नव्हता. १७९८ मध्ये शिंद्याने तगादा लावला तेव्हा बाजीरावाने सुचवलं की शिंद्याचा कारभारी सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या सधन लोकांकडून तो वसूल करावा. राज्याच्या प्रमुखाने स्वतःच्या राजधानीची लूट स्वतः परवानगी देऊन करवली. घाटग्याने नानांच्या पक्षातल्या लोकांना, सावकारांना धरून मारझोड केली. नानांचे नातलग गंगाधरपंत भानू तापलेल्या तोफेला बांधले गेले आणि तिथेच मेले. नाना १८०० च्या मार्चमध्ये गेले. १८०१ मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला जिंकला आणि बाजीराव पळाला. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला त्याने इंग्रजांशी तह केला: सहा पलटणी कायम पदरी, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख.

वसईच्या तहाने स्वातंत्र्य गेलं हे आपण शाळेत शिकतो. त्याने आणखी एक गोष्ट गेली. तोवर वाईट राजाला सरदारांचा, सैन्याचा, रयतेच्या बंडाचा धाक असे. आता दाराशी इंग्रजी पलटण होती. सरदार दुखावले तरी चालणार होतं, म्हणून रास्त्यांचा सरंजाम जप्त झाला, पटवर्धनांशी वाकडं आलं. रयत पिळून निघाली तरी गादीला धक्का नव्हता. कंपनीचा अधिकारी थॉमस मन्रो याने १८१७ मध्ये गव्हर्नर जनरलला लिहिलेल्या पत्रात तैनाती फौजेचा हाच दोष मांडला आहे: ती जिथे जाते तिथलं सरकार दुबळं आणि जुलमी होतं. हे तो आपल्याच सरकारला सांगत होता.

मामलतींचा लिलाव या अभयामुळे शक्य झाला. दर सालच्या बोलीत बसलेला माणूस परगण्यात उतरला की त्याला चौकशीला वेळ नसे आणि दयेचं कारण नसे. तो मामलत तुकड्यांनी पोटमक्तेदारांना देई, ते आणखी खाली देत, आणि शेवटी ओझं पाटलाच्या दारात येई. पाटलाने स्वतःच्या गावाचा मक्ता घेतला तर तो गावाचा पुरता मालक होई. नाही घेतला तर मामलतदाराची माणसं वसुलीला येत, त्यांना गाव माहीत नसे आणि गावाची कीवही नसे. जमीन किती आणि पीक किती हे कोणी पाहत नसे, माणसाकडे काय सापडेल एवढंच पाहिलं जाई. न्यायही त्याच मक्त्यात आल्यामुळे दंड हे वसुलीचं साधन झालं. फिर्याद घेऊन पुण्याला गेलं तरी मामलतदार पदावर असेपर्यंत कोणी ऐकत नसे. तो पदावरून उतरला की पेशवा त्याची मालमत्ता जप्त करी, प्रसंगी त्याला किल्ल्यावर कैदेत ठेवी. त्यातला पैसाही ज्याच्याकडून लुटला त्याला परत मिळत नसे, तो पेशव्याच्या खासगीत जाई. हुजूर दफ्तर जवळजवळ मोडलं, कारकून कमी झाले, कागद लोकांनी घरी नेले. लिलावाला बेहडा लागत नाही आणि एकबेरीजही लागत नाही.

राज्य बुडवणारी शेवटची ठिणगीसुद्धा एका इजाऱ्यातूनच पडली. अहमदाबादच्या वसुलातला पेशव्याचा हिस्सा १८०४ पासून दहा वर्षांसाठी गायकवाडांना इजाऱ्याने दिलेला होता. १८१४ मध्ये मुदत संपली. बाजीरावाने तो नव्याने न देता अहमदाबादची सरसुभेदारी त्र्यंबकजी डेंगळ्याला दिली. एके काळी जासुदाचं काम करणारा हा माणूस आता पेशव्याचा उजवा हात झाला होता. इजारा पुढे चालावा आणि जुने हिशेब मिटावेत म्हणून गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांच्या वतीने इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले होते. २० जुलै १८१५ ला पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय त्र्यंबकजीवर गेला, एल्फिन्स्टनने त्याला मागितला, तो ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, आणि १३ जून १८१७ चा पुण्याचा तह पेशव्याच्या गळ्यात पडला. त्या तहात तो मराठेशाहीचा प्रमुखही उरला नाही.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली. बापू गोखले शूर होते आणि २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीला ते लढता लढता पडले. त्यांच्यासारख्यांचं रक्त व्यर्थ गेलं याचं दुःख आजही वाटतं. पण पुण्याच्या दक्षिणेकडे काय झालं ते पाहा. मन्रो धारवाड प्रांतात होता तेव्हा त्याच्याकडे पलटणी अगदी थोड्या होत्या. त्याने स्थानिक शिबंदीची भरती केली, आणि तिच्या बळावर पेशव्याची ठाणी एकामागून एक घेतली. परगण्यामागून परगणा त्याला वसूल देऊ लागला. ज्या अंमलदाराने गेल्या साली मक्ता घेतला आणि पुढच्या साली जाणार होता, त्याच्यासाठी कोणी ठाणं लढवावं? सरदारांचंही तेच. १८१२ च्या पंढरपूरच्या कराराने दक्षिणेतले सरंजामदार आपले हक्क इंग्रजांच्या हमीवर सांभाळू लागले होते, आता एकेक करून ते पेशव्यापासून बाजूला झाले. इंग्रजांच्या तोफा आणि त्यांचा पैसा मोठा होता, हे खरंच. तरी खर्ड्याला १७९५ मध्ये सगळे मराठे एका झेंड्याखाली आले होते, आणि मधे फक्त २२ वर्षं गेली होती.

बाजीराव ३ जून १८१८ ला इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला सालाला आठ लाखांचा तनखा मिळाला. बिठूरला तो १८५१ पर्यंत जगला. जिंकलेल्या मुलखासाठी एल्फिन्स्टनने कलेक्टरांना ज्या सूचना दिल्या, त्यांत अग्रभागी होतं ते हेच: मक्ते बंद करा, प्रत्यक्ष लागवडीप्रमाणे आकार घ्या, नवे कर लावू नका. परक्याला आपल्याच रयतेकडून स्वागत मिळवायला एवढं पुरलं. पुढे दहा-बारा वर्षांत प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या जमीन-पाहणीने इंदापुरात इतका जड सारा बसवला की शेतकरी जमिनी टाकून गेले. स्वागत करणाऱ्यांचा भ्रमनिरास झाला, पण तोवर धनी बदलला होता.

या इतिहासाचा मोठा भाग अजून छापलेला नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. त्यांतली राजकारणाची आणि लढायांची पत्रं सरदेसायांनी पंचेचाळीस खंडांत काढली, हे त्यांचे उपकार आहेत. पण परगण्यांचे बेहडे, जमाखर्च, दरबारखर्चाच्या नोंदी, पोटमक्त्यांची कागदपत्रं यांकडे फार थोडे अभ्यासक वळतात, कारण ती मोडीत आहेत आणि त्यांत रणधुमाळी नाही. ज्या तरुणांना मराठ्यांच्या इतिहासाचं खरंच प्रेम आहे त्यांना माझी विनंती आहे: मोडी शिका, आणि एकदा तरी एका परगण्याची वीस-पंचवीस सालांची जमाबंदी एका बैठकीत लावून पाहा. आपलं राज्य कुठे गेलं याचा हिशेब तिथे लिहून ठेवलेला आहे.